तक्रार नसलेल्या रुग्णाचा शोध

वैद्यकाचा सारा व्यवहार तक्रारीवर चालतो. रोग्याने येऊन आपली कैफियत मांडावी, वैद्याने ती ऐकून घ्यावी, नाडी, जीभ, छाती पाहावी आणि मग निदानाकडे वळावे, हा शिरस्ता प्राचीन काळापासून आजच्या विशेषज्ञांच्या दवाखान्यांपर्यंत अबाधित चालत आला आहे. आणि बहुसंख्य रोगांच्या बाबतीत तो पुरतोही, कारण ज्वर, शूल, दाह, सूज ही लक्षणे रोग्याला स्वस्थ बसू देत नाहीत. काचबिंदूच्या मुख्य प्रकारापुढे मात्र हा शिरस्ता निरुपयोगी ठरतो. त्यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाझरत नाही. भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची, बारीक अक्षरांची ओळ रोगी बिनचूक वाचून दाखवतो. आणि ज्या दिवशी त्याला प्रथम काही उणे जाणवते त्या दिवशी दृष्टीचा फार मोठा हिस्सा कायमचा गेलेला असतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी लहानशा शस्त्रक्रियेने परत येते, म्हणून मोतीबिंदूच्या रोग्याला उशीर झाला तरी बहुधा निभावते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने, शस्त्राने वा यंत्राने परत येत नाही. सारे उपचार शिल्लक उरलेली राखण्यासाठी असतात. तेव्हा रोग केव्हा सापडला यावर पुढचे सर्व अवलंबून राहते, आणि जो रोगी आपण होऊन येणारच नाही त्याला शोधावे कसे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम डोळ्याच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. स्वच्छमंडल हा डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचे भिंग यांच्या दरम्यान पाण्यासारखा एक निर्मळ द्रव खेळत असतो. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. परितारिकेच्या, म्हणजे बुबुळातल्या रंगीत पडद्याच्या, मागील बाजूस हे नेत्रजल मिनिटाला सुमारे दोन ते अडीच घनमिलिमीटर या बेताने तयार होते, बाहुलीतून पुढे येते, रक्तवाहिन्या नसलेल्या भिंगाचे आणि स्वच्छमंडलाचे पोषण करते, आणि स्वच्छमंडल व परितारिका जेथे एकमेकांना मिळतात त्या कोनातल्या सूक्ष्म जाळीतून झिरपून अखेर रक्तात मिसळते. आवक आणि निचरा यांचा मेळ असला म्हणजे डोळ्यातला दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. कोन उघडा असूनही जाळीचा निचरा वर्षानुवर्षे मंदावत गेला तर तो खुल्या कोनाचा काचबिंदू. परितारिकाच पुढे सरकून कोन बुजला तर तो बंद कोनाचा. दोहोंतही खरी हानी होते ती मागे, जेथे जालपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाशग्राही पडद्यावरून, आलेले दहा-बारा लक्ष तंतू एकत्र होऊन दृष्टिनाडीच्या रूपाने डोळ्याबाहेर पडतात. तेथे हे तंतू दाबाने आणि अपुऱ्या रक्तपुरवठ्याने हळूहळू झिजतात, आणि नाडीच्या मुखाशी असलेला नैसर्गिक खळगा रुंद व खोल होत जातो.

दृष्टीचा असा ऱ्हास होत असता रोग्याला तो कळू नये याचे आश्चर्य वाटते; पण पाहणे ही क्रिया डोळ्याइतकीच मेंदूची आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो. दृष्टिनाडीच्या मुखाशी प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशीच नसल्यामुळे प्रत्येक निरोगी डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रातही एक जागा जन्मतः आंधळी असते, आणि सतराव्या शतकात मारिऑट या फ्रेंच धर्मोपदेशकाने ती प्रयोगाने दाखवून देईपर्यंत ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती. कोरा राहिलेला रकाना पाहून ‘मागील पानावरून पुढे चालू’ असे ठोकून देणाऱ्या कारकुनाप्रमाणे मेंदू त्या जागी आजूबाजूच्या रंगरेषांची भर घालतो. काचबिंदूने पडलेल्या नव्या खिंडारांवरही तो हीच मखलाशी करतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, आणि ज्या मध्यभागाने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो वा समोरच्याचा चेहरा ओळखतो तो बहुतेकांच्या बाबतीत शेवटपर्यंत शाबूत राहतो. काचबिंदूच्या रोग्याला काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसते, असे चित्र माहितीपत्रकांतून सर्रास छापले जाते. परंतु २०१३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० रोग्यांना निरनिराळी चित्रे दाखवून तुम्हांला यांपैकी कसे दिसते असे विचारले, तेव्हा काळ्या बोगद्याचे चित्र एकानेही निवडले नाही. त्यांनी निवडली ती कुठे अंधुक झालेली, कुठे एखादी वस्तूच गळून गेलेली चित्रे. रस्त्यावरचे मूल दिसत नाही. पण मूल जेथे असायला हवे तेथे काळोखही दिसत नाही, रस्ताच दिसतो. अंधाराची वाट पाहणाऱ्याची यात पुरती फसगत होते. मृत्यूनंतर काढून तपासलेल्या डोळ्यांची त्यांच्या हयातीतल्या दृष्टिक्षेत्राच्या नोंदींशी तुलना करून हॅरी क्विग्ली या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की यंत्रावर पहिला निश्चित दोष उमटतो तोवर चतुर्थांश ते तृतीयांश तंतुपेशी नष्ट झालेल्या असतात. जेथे यंत्रालाही उशीर होतो तेथे रोग्याच्या जाणिवेवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

याला एक अपवाद आहे, आणि त्याची ओळख सर्वांनाच असलेली बरी. बंद कोनाच्या काचबिंदूत निचरा कधीकधी एकाएकी पूर्ण थांबतो, दाब काही तासांत ५०-६०वर जातो, डोळा लालभडक होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, अर्धे डोके फुटू लागते आणि उलट्या सुरू होतात. आपल्याकडे अशा रोग्याला, विशेषतः बायकांना (आणि हा प्रकार बायकांत अधिक), पित्त झाले किंवा अर्धशिशी उठली असे म्हणून सुंठ, आवळासुपारी आणि अंधारी खोली यांच्या हवाली करण्यात येते, आणि जो डोळा त्याच दिवशी वाचला असता तो दोन दिवसांत जातो. डोकेदुखीबरोबर एकच डोळा लाल आणि नजर धूसर असेल तर वैद्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडे धावावे, आणि तेही रातोरात. परंतु बंद कोनाच्या काचबिंदूतही असा गाजावाजा करणारे थोडे. भारतातल्या पाहण्यांत सापडलेले बहुसंख्य रोगी खुल्या कोनाच्या रोग्यांइतकेच निःशब्द होते.

या रोगाच्या शोधाचा इतिहास म्हणजे डोळ्याच्या आत डोकावण्याच्या साधनांचा इतिहास होय. डोळा हाताला कठीण लागतो, ही खूण रिचर्ड बॅनिस्टर या इंग्रज नेत्रवैद्याने १६२२ साली नोंदून ठेवली होती. पण पुढे सव्वादोनशे वर्षे पापणीवरून बोटांनी चाचपडण्यापलीकडे कोणाची मजल गेली नाही. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाची दृष्टिनाडी प्रथमच वैद्याला दिसली. गंमत अशी की बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेसारख्या कुशाग्र नेत्रवैद्यालाही काचबिंदूच्या नाडीमुखावरचा खळगा आरंभी उंचवटा वाटला; नवे साधन हाती आले तरी त्यातून काय दिसते ते शिकावे लागतेच. ही दुरुस्ती लवकरच झाली, आणि १८५७ साली त्याच ग्रेफेने परितारिकेचा एक तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध करून तीव्र काचबिंदूच्या रोग्यांना पहिला खरा दिलासा दिला.

दाब अंकांत मोजणे मात्र एका निराळ्याच शोधासाठी अडून राहिले होते. जागत्या माणसाच्या उघड्या बुबुळावर वजन ठेवणे वेदनेमुळे अशक्यच होते. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण वैद्याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि वाट मोकळी झाली. नॉर्वेच्या यालमार श्योट्झ याने १९०५ साली जाहीर केलेले छोटेसे धातूचे दाबमापक यंत्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चालले. उताण्या निजवलेल्या रोग्याच्या डोळ्यावर ते टेकवून काट्याकडे पाहणारा डॉक्टर आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांतूनही जुन्या मंडळींनी पाहिलेला असेल. श्योट्झच्या यंत्राची जागा बर्न येथील हान्स गोल्डमान याच्या यंत्राने घेतली, आणि आजही प्रमाण मानले जाते ते गोल्डमानचेच. दृष्टिक्षेत्रातली खिंडारे शोधण्याचे श्रेय कोपनहेगनच्या यानिक ब्येरुम याचे. त्याने १८८९च्या सुमारास कोणतेही मौल्यवान उपकरण न मागवता आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजू पडदा म्हणून वापरली, रोग्याला मध्यबिंदूवर नजर खिळवायला सांगितली आणि काठीच्या टोकाशी लावलेली लहानशी पांढरी खूण फिरवत ती कुठे नाहीशी होते ते टिपले. काचबिंदूत आंधळ्या जागेपासून निघणारा धनुष्याकृती दोष त्याला अशा रीतीने सापडला. आज अर्धगोलात लुकलुकणारे दिवे दाखवणारे संगणकी यंत्र जे करते ते तत्त्वतः त्या दारावरचेच काम आहे.

हिंदुस्थानाचा या इतिहासातला भाग लहान नाही. मद्रास इलाख्याच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ साली स्वच्छमंडल आणि श्वेतपटल, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, यांच्या सांध्यावर सूक्ष्म गोल छिद्र पाडून नेत्रजलाला नवी वाट करून देण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, १९१३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे कित्येक वर्षे युरोप-अमेरिकेतले शल्यविशारद ‘एलियटची शस्त्रक्रिया’ म्हणून ती करीत राहिले. केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेली आणि आज सर्वत्र होणारी शस्त्रक्रिया त्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती आहे. म्हणजे दाब उतरवण्याचे उपाय शंभर वर्षांपासून हाताशी आहेत. अडले आहे ते वेळेवर रोगी हाती लागण्यावर.

आता असे वाटणे साहजिक आहे की दाब मोजता येतो, तर गावोगाव माणसे नेमून चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजावा आणि २१च्या वर निघेल त्याला रोगी ठरवावे. बरीच वर्षे वैद्यकाचाही असाच समज होता. तो मोडला पाहण्यांनी. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात घरोघर जाऊन केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की ज्यांना निश्चित काचबिंदू होता त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचा दाब पहिल्या मोजणीत २१च्या आतच होता. जपानातल्या ताजिमी शहरात २०००-२००१ साली झालेल्या पाहणीत तर खुल्या कोनाच्या रोग्यांपैकी ९२ टक्क्यांचा दाब ‘निर्दोष’ निघाला. उलट दाब चढा असूनही ज्यांच्या नाडीला कधीच काही होत नाही अशी माणसेही पुष्कळ. दाब दिवसाच्या प्रहराप्रमाणे चढतो-उतरतो, ही एक अडचण. आणि दुसरी अशी की यंत्र दाब मोजते ते स्वच्छमंडलावर रेटा देऊन, म्हणून स्वच्छमंडल पातळ असले की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. येथे महाराष्ट्राचा थेट संबंध पोहोचतो. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढच्या ४,७११ माणसांची जी बारकाईची नेत्रपाहणी झाली तीत स्वच्छमंडलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ सहस्रांश मिलिमीटर भरली. पाश्चात्य पुस्तकांत ती ५४०च्या आसपास धरलेली असते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला परदेशातल्या डोळ्यांवरून ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी लावणे कितपत योग्य, याचा विचार या एका आकड्याने करायला लावला. दाब हे काचबिंदूचे सर्वांत मोठे कारण आहे आणि उपचाराने बदलता येईल असे एकमेव कारण आहे. पण दाब म्हणजे काचबिंदू नव्हे. रोग दृष्टिनाडीचा आहे, आणि तो ओळखायचा तर नाडी पाहावी लागते.

घाऊक तपासणी कोणत्या रोगासाठी करावी आणि कोणत्यासाठी करू नये याचे निकष विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवले, आणि आजही त्यांचाच हवाला देतात. रोग महत्त्वाचा असावा, त्याची छुपी अवस्था लांब असावी, उपचार उपलब्ध असावा. या कसोट्यांना काचबिंदू उत्तम उतरतो. अडखळतो तो एकीपाशी: सोपी, स्वस्त आणि विश्वासार्ह चाचणी असावी. आकडेमोड करून पाहू. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने तामिळनाडूच्या तीन जिल्ह्यांत चाळिशीवरील ५,१५० ग्रामस्थ तपासले तेव्हा २.६ टक्क्यांना काचबिंदू निघाला, आणि खुल्या कोनाच्या रोग्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे हजारांत २६. समजा, आपल्यापाशी अशी एक चाचणी आहे की जी शंभर रोग्यांपैकी ८० बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर सोडते. दाबाच्या एकट्या मोजणीपेक्षा ती कितीतरी सरस म्हटली पाहिजे. ती हजारांना लावली तर २६पैकी २१ सापडतील, पण त्यांच्याबरोबर ९७ निरोगी माणसेही संशयित म्हणून पुढे धाडली जातील. तालुक्याहून जिल्ह्याला पाठवलेल्या प्रत्येक सहा जणांपैकी पाच जण दिवसाची मजुरी बुडवून, एस. टी.चे भाडे खर्चून आणि आंधळेपणाची धास्ती घेऊन जातील आणि काही नाही असे ऐकून परततील. दुसऱ्या खेपेस बोलावले तर गावात कोण येईल? शिवाय निसटलेले पाच जण, तपासून झाले आहे या भरवशावर, पुढे कोणाकडे जाणार नाहीत. ब्रिटनने सरसकट तपासणीची योजना स्वीकारली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळाने २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली, अशा तपासणीच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही असाच निकाल दिला.

हा निकाल घाऊक मोहिमेविषयी आहे, आणि तो ‘डोळे तपासून घेण्याची गरज नाही’ असा वाचणे ही मोठीच गफलत होईल. मोहिमेला पर्याय आहे, आणि भारतातल्या जाणत्या नेत्रतज्ज्ञांनी तो कित्येक वर्षे मांडला आहे: लोकांच्या दारी जाऊन रोग शोधण्याऐवजी, कोणत्याही निमित्ताने जो दारी आला आहे त्याला पूर्ण तपासल्याशिवाय जाऊ देऊ नये. काचबिंदू तक्रार करीत नाही हे खरे. पण ज्या वयात तो पाय पसरू लागतो नेमक्या त्याच वयात निसर्ग प्रत्येकाला डोळ्याची एक तक्रार बिनचूक देतो. वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, औषधाच्या बाटलीवरची अक्षरे दिसेनाशी होतात, आणि कालपर्यंत दुसऱ्यांना हसणारा मनुष्य स्वतः चाळिशी घ्यायला निघतो. गरीब-श्रीमंत, शहाणा-अडाणी कोणालाही न चुकणारा हा प्रसंग आहे, आणि काचबिंदू शोधण्याची याहून चांगली संधी कोणत्याही खात्याला हुकूम काढून निर्माण करता यायची नाही.

ती आपण कशी दवडतो पाहा. चष्म्याच्या दुकानावर ‘संगणकावर नंबर काढून मिळेल’ अशी पाटी असते. मनुष्य आत जातो, यंत्राला हनुवटी लावतो, पाच मिनिटांत नंबर हाती पडतो आणि संध्याकाळी चष्मा. ते यंत्र आपल्यापुरते चोख काम करते. पण ते मोजते केवळ भिंगाचा नंबर, आणि मध्यदृष्टी शाबूत असलेल्या काचबिंदूच्या रोग्याचा नंबरही अगदी व्यवस्थित निघतो. डोळे तपासले, असे तो घरी येऊन सांगतो, आणि त्याच्या परीने ते खरेच असते. पुढची दहा वर्षे तो निर्धास्त राहतो.

पूर्ण तपासणी म्हणजे काय ते एकदा नीट समजून घेतले की फसगत होत नाही. नंबर काढल्यावर डॉक्टर विजेरीने बाहुल्या पाहतो. प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झपकन नेला असता दुसरी बाहुली आकसण्याऐवजी मोठी झाली, तर त्या बाजूच्या नाडीत काही बिघाड आहे हे दोन क्षणांत आणि फुकट कळते. मग सूक्ष्मदर्शकापाशी बसवून, डोळा बधिर करून गोल्डमानच्या यंत्राने दाब घेतला जातो. त्यानंतर आरसे बसवलेले एक विशेष भिंग डोळ्याला टेकवून कोन खुला आहे की अरुंद हे पाहायचे असते. ही पायरी गर्दीच्या दवाखान्यांत सर्वांत अधिक गाळली जाते, आणि ती गाळल्यामुळे बंद कोनाचा रोगी खुल्या कोनाचा म्हणून वर्षानुवर्षे चुकीच्या उपचारांवर राहू शकतो. कोन पाहून झाल्यावर मगच थेंब घालून बाहुली मोठी करतात, कारण अरुंद कोनाच्या डोळ्यात तसे केल्याने तीव्र झटका येण्याची भीती असते. आणि अखेरीस रुंद झालेल्या बाहुलीतून दृष्टिनाडीचे मुख निरखतात. या सगळ्यास तासभर मोडतो, पुढचे काही तास वाचता येत नाही, उन्हाचा त्रास होतो, आणि स्वतः गाडी चालवत गेलेल्याची पंचाईत होते. संशय आला तरच दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि जालपटलाच्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन. दृष्टिक्षेत्राची चाचणी कंटाळवाणी असते. पहिल्या खेपेस बहुतेकांची नीट होत नाही, म्हणून ती पुन्हा करायला सांगितली तर डॉक्टर पैसे उकळतो आहे असा संशय घेण्याचे कारण नाही.

खेड्यापाड्यांतल्या मोतीबिंदूच्या शिबिरांची गोष्ट जरा निराळी आहे. १९७६ साली सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व निवारणाचा कार्यक्रम मुख्यतः मोतीबिंदूभोवती उभा राहिला, आणि ते योग्यही होते. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीवरच्या अंधांपैकी ६६.२ टक्क्यांचे अंधत्व मोतीबिंदूचे आणि ५.५ टक्क्यांचेच काचबिंदूचे भरले. मात्र त्या पाहणीत अंध कोणास म्हणायचे ते तक्त्यावरच्या मध्यदृष्टीवरून ठरते, म्हणून आजूबाजूचे सारे क्षेत्र गमावून मध्यातल्या चिंचोळ्या फटीतून अजून अक्षरे वाचणारा रोगी त्या हिशेबात येतच नाही. मोतीबिंदूच्या या सार्वत्रिक ओळखीचा एक उपद्रवही आहे. म्हातारपणी नजर गेली म्हणजे ‘मोती’ झाला, आणि झाला तर पिकू द्यावा, या जुन्या समजुतीपायी कित्येक जण घरीच थांबतात. पिकण्याची वाट पाहता पाहता ज्या दिवशी शिबिरात येतात त्या दिवशी मोती निघतो, पण मागची नाडी आधीच वाळलेली असल्यामुळे प्रकाश दिसत नाही, आणि दोष शस्त्रक्रियेच्या माथी येतो. शस्त्रक्रियेपूर्वी बाहुलीची ती दोन क्षणांची परीक्षा प्रत्येक शिबिरात सक्तीने करावी, असे माझे मत आहे.

चाळिशीपर्यंत थांबू नये अशीही काही माणसे आहेत. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात रोग्यांची भावंडे आणि मुले पद्धतशीर तपासली तेव्हा त्यांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा संभव २२ टक्के आढळला; ज्यांच्या घरात रोग नव्हता त्यांच्या नातेवाइकांत तो २.३ टक्के होता. तेव्हा एका रोग्याचे निदान झाले की त्याच्या पाठच्या-पोटच्या सगळ्यांना बोलावणे पाठवावे; एवढ्या थोड्या खर्चात एवढे रोगी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडत नाहीत. आपल्या कुटुंबांतून रोग लपवण्याची, विशेषतः मुलीचे लग्न व्हायचे असेल तर, जी चाल आहे तिच्यामुळे भावालाही भावाचा रोग ठाऊक नसतो. दुसरी जात मोठा उणे नंबर असलेल्यांची. तिसरी स्टेरॉइडयुक्त औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांची, आणि यात मुले येतात ही दुःखाची बाब. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलाला एकदा कोणी स्टेरॉइडचे थेंब लिहून देतो, दोन दिवसांत खाज पळते, आणि मग दर वर्षी आई तीच रिकामी बाटली औषधाच्या दुकानात दाखवून नवी घेऊन येते. चिठ्ठीशिवाय ही औषधे विकू नयेत असा कायदा आहे, पण त्याचा बंदोबस्त दुकानाच्या उंबऱ्यापाशी संपतो. सुमारे तीन माणसांमागे एकाचा दाब या थेंबांनी चढतो, आणि थोड्यांचा तर फारच. बारा-चौदा वर्षांच्या मुलाची नाडी याने वाळलेली पाहणे नेत्रतज्ज्ञांना नवे नाही.

लवकर शोधून खरोखर लाभ होतो काय, हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही, आणि त्याचे पक्के उत्तर मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या माल्मो व हेल्सिंगबोर्ग या शहरांतून ४४,०००हून अधिक रहिवासी तपासून नव्याने सापडलेले, आरंभीच्या अवस्थेतले २५५ रोगी निवडले गेले, त्यांच्यापैकी निम्म्यांवर ताबडतोब उपचार केले आणि उरलेल्यांवर, त्यांची संमती घेऊन आणि कडक नजर ठेवून, केले नाहीत. सुमारे सहा वर्षांनी उपचार न केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा रोग बळावला होता, उपचार केलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. आणि दाब जितका उतरला त्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटला होता. अमेरिकेत दाब चढा पण नाडी निर्दोष अशा १,६३६ माणसांवर झालेल्या प्रयोगात पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण थेंबांमुळे ९.५ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आले. हे दुसरे आकडे उलट बाजूनेही वाचावेत: काही न करता ९० टक्के माणसे पाच वर्षे निर्दोष राहिली, तेव्हा नुसता दाब चढा दिसला म्हणून प्रत्येकाला जन्मभर औषध सुरू करणेही शहाणपणाचे नाही.

निदानानंतरची अडचण मनुष्यस्वभावाची आहे. थेंब घातल्याने दिसणे सुधारत नाही. उलट डोळा चुरचुरतो, एका प्रकारच्या थेंबांनी पापण्यांभोवती काळसर छटा येते, दुसऱ्या प्रकारचे दमेकऱ्याला घातक असतात. ज्याला रोगाने काही त्रास दिला नाही त्याला औषधाने दिला, असा हा उफराटा व्यवहार असल्यामुळे पुष्कळ जण वर्षभरात औषध सोडतात, आणि ते सोडल्यानेही काही होत नाही असे त्यांना काही काळ वाटत राहते. अलीकडे जाळीवर लेसरचे सौम्य किरण सोडून निचरा सुधारण्याचा उपाय पहिल्याच पायरीला वापरू लागले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात असा उपाय केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. महिन्याचे महिन्याला औषध घेणे ज्यांना परवडत नाही, किंवा ज्यांच्या थरथरत्या हातून थेंब गालावरच पडतो, त्यांच्यासाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे, मात्र कोन खुला असेल तरच.

राहता राहिले कागद. काचबिंदूचा निर्णय एका दिवसाच्या तपासणीवर क्वचितच होतो. आजचे नाडीमुख पाच वर्षांपूर्वीच्या नाडीमुखाशी ताडून पाहावे लागते, आणि पहिल्या दिवशीचे दृष्टिक्षेत्राचे नकाशे, स्कॅन, नाडीचे छायाचित्र, औषधापूर्वीचा दाब व स्वच्छमंडलाची जाडी ही सामग्री नंतर कितीही पैसे मोजून परत तयार करता येत नाही. मुंबईत तपासलेला मनुष्य बदलीने नागपूरला जातो, मुलाकडे बंगळूरला राहतो, आणि प्रत्येक ठिकाणी नव्या डॉक्टरापुढे रिकाम्या हाताने बसतो. डॉक्टरला मग रोग स्थिर आहे की बळावतो आहे हे ठरवायला आणखी दोन-तीन वर्षे घालवावी लागतात. दवाखाने दप्तर काही मुदतीपलीकडे जपतीलच असे नाही. शिधापत्रिका आणि सातबारा ज्या पेटीत ठेवतात त्या पेटीत ही फाइलही ठेवावी, आणि दर तपासणीला पहिल्या पानापासून सगळी बरोबर न्यावी.